खोल बाजूचा तळ

दोन्ही हात डोक्यावर ताणून, पायाची बोटं काठाच्या फरशीला घट्ट आवळून ती पुढे झुकली होती, आणि आता कानांत पाणी शिरणार म्हणून डोळेही मिटले होते, तेवढ्यात मागून तलावावरचे काका म्हणाले, "अगं, पाणी नाहीये." ओरडले नाहीत. चहात साखर नाहीये म्हणावं तसं म्हणाले, आणि म्हणूनच बहुधा ती दचकून तोल न जाता तशीच वाकलेली थांबली. मग डोळे उघडून, बारीक करून तिने खाली पाहिलं. चष्मा कपडे बदलायच्या खोलीत, नेहमीच्या खुंटीवर. चष्म्याशिवाय तिला रोज जे दिसायचं तेच दिसलं, निळसर धूसर काहीतरी, आणि त्यातून गेलेली एक काळी रेघ. फक्त ते निळसर आज हलत नव्हतं. क्लोरीनचा वास नव्हता, पाणी काठाला चाटून जातानाचा आवाज नव्हता. हे सगळं आत शिरतानाच कळायला हवं होतं, पण इतकी वर्षं ज्या वाटेने माणूस अर्धवट झोपेत चालत येतो त्या वाटेवर तो काही पाहत नाही. गेटावर पाटी होती म्हणे. पाट्या वाचणारी माणसं वेगळी. ती काठावरून मागे सरकली आणि तिथेच खाली बसली. काका म्हणाले, फरश्या उखडल्यात, गाळणीचं यंत्रही गेलंय, परीक्षा होईपर्यंत काही खरं नाही.

परीक्षा होईपर्यंत. काकांना काय, ते बोलून झाडू घेऊन गेले. हिच्या तोंडी परीक्षेला मात्र आता थोडेच आठवडे उरले होते. गणिताचं शेवटचं वर्ष, त्यात एक प्रकल्प, त्या प्रकल्पावर बाहेरून आलेले परीक्षक समोर बसवून प्रश्न विचारणार, आणि त्यावर ठरणार की विभागात संशोधनाची जी एक जागा आहे ती हिला मिळते की नाही. मिळाली तर पुढची काही वर्षं गणित आणि तलाव दोन्ही तिचे. नाही मिळाली तर बाबांनी ते काम करायचे त्या औषधाच्या दुकानाच्या मालकांशी आधीच बोलून ठेवलं होतं, हिशेब बघायला हुशार मुलगी हवीच आहे त्यांना. आणि या सगळ्यातली गोम अशी की तिने आजवर जो काही अभ्यास केला तो टेबलाशी बसून केलाच नव्हता. टेबलाशी ती फक्त वाचायची. अभ्यास व्हायचा तो पाण्यात. खोल बाजूने उडी मारली की पहिली पायरी, भिंत गाठून वळलं की दुसरी, पुन्हा वळलं की तिसरी. उजवीकडे मान वळवून श्वास घेताना एखादी अडलेली गोष्ट आपोआप सुटायची, जणू कोणी काठावर उभं राहून तिच्या कानात सांगत होतं. बाकीच्या मुली म्हणायच्या, ही कधी अभ्यास करते देव जाणे. देवालाही ठाऊक नसावं, कारण तो बहुधा तलावावर येत नव्हता.

घरी हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बाबा औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून गोळ्या काढून द्यायचे, आणि दिवसभर दुसऱ्यांचे खोकले ऐकून त्यांचं ठाम मत झालं होतं की जगातला प्रत्येक आजार ओल्या केसांतून सुरू होतो. ते तिला बेडके म्हणायचे. बेडके, केस पूस. बेडके, कान कोरडे कर. कॉलेजात गेली तेव्हा त्यांनी करार केला: प्रत्येक निकालाला पहिला वर्ग, नाहीतर तलाव बंद. त्यामुळे लोकांना वाटायचं की ही पोहते म्हणून हिला गुण पडतात, आणि खरं तर ती गुण पाडायची ते पोहता यावं म्हणून. मध्यंतरी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राने कुठलीशी पाहणी केली, कोण किती व्यायाम करतं आणि त्याला गुण किती, आणि त्यातून हिलाच उचलून नव्या मुलांसमोर बोलायला उभं केलं. हिचाच फोटो केंद्राच्या दारात लागला, टोपी, गॉगल, दात दाखवून हसू, आणि खाली लिहिलं, 'शरीर हलवा, डोकं चालेल.' तेव्हा तीही मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती की रोज तासभर पाण्यात या, बाकी पाणी बघून घेईल. उचलली जीभ लावली टाळ्याला. आता त्या फोटोसमोरून जाताना तिला वाटायचं की टोपीतली ती मुलगी आपल्याकडे बघून हसतेय, आणि ते हसणं चांगलं नाही.

पहिला आठवडा तिने काय काय नाही केलं. रस्त्यावरून धावून पाहिलं, तर नडग्या दुखायला लागल्या आणि डोक्यात प्रमेयाऐवजी नडग्याच. गच्चीत दोरीवरच्या उड्या मारल्या, तर खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन अतिशय गोड आवाजात विचारून गेल्या की वर काही तोडफोड चालू आहे का. जिने चढून उतरून पाहिले. शेवटी टेबलाशी बसली. प्रकल्प तिला पाठ होता, म्हणजे पाठ असायला हवा होता. दोन वेगळ्या धातूंचे तुकडे मध्ये जोडून केलेली एक सळई, तिची दोन्ही टोकं बर्फात ठेवलेली, आणि मधली उष्णता हळूहळू कशी ओसरते त्याचं गणित. डाव्या टोकापासून निघायचं, पहिला धातू ओलांडायचा, जोडापाशी पोचायचं, दुसरा धातू, उजवं टोक. सोपं होतं. पाण्यात. कागदावर मात्र जोडापाशी येऊन घोडं अडायचं, आणि अडलं की ती सवयीने मान उजवीकडे वळवायची, आणि उजवीकडे खोलीची भिंत, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. ये रे माझ्या मागल्या, पुन्हा डावं टोक. बाबा मात्र खुशीत होते. आई शाळेतून आल्यावर त्यांनी तिला मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं की बघ, तलाव बंद झाला आणि पोरगी टेबलाला चिकटली, आधीच व्हायला हवं होतं हे. आईने लेकीच्या टेबलावरचा कागद पाहिला, त्यावर एकच ओळ होती, आणि तो पुन्हा जागेवर ठेवला.

मग मॅडमनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाईंनी, सराव म्हणून स्वतःच परीक्षक होऊन तिला समोर बसवलं. मॅडम मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मधूनच कुठलीशी पायरी विचारली. हिने सुरुवात केली सळईच्या डाव्या टोकापासून. मॅडम म्हणाल्या, ते नको, जोडाबद्दल सांग. ही म्हणाली हो, आणि पुन्हा डाव्या टोकापासून. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं की तू दर दोन वाक्यांनी उजवीकडे मान का वळवतेस, तिकडे कोणी आहे का. तिला कानशिलं तापल्याचं कळलं. ती श्वास घेत होती. बोलताना, कोरड्या खोलीत, खुर्चीत बसून ती दर दोन वाक्यांनी पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेत होती. मॅडम शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुला येतं सगळं. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत येतं. बाहेरचे परीक्षक मधूनच विचारतात." भिंत हा शब्द त्यांनी सहज वापरला होता, त्यांना तलावाचं काही ठाऊक नव्हतं. पण तो तिला असा लागला की परतताना ती रस्ता चुकली.

त्या दिवसांत एक प्रश्न तिला आतून कुरतडत होता. हुशार कोण, मी की पाणी. हसण्यासारखा प्रश्न होता, आणि तिला हसू येत नव्हतं. समजा माझ्या डोक्यात मुळात काही नाहीच. समजा ते फक्त हात आणि पाय आणि फुप्फुसं होती, आणि गणित त्यांच्या मागे ओढलं जायचं. मग उद्या कुठल्या खोलीत, कुठल्या फळ्यासमोर, लोक जेव्हा म्हणतील बोला, तेव्हा मी काय त्यांना म्हणणार आहे, थांबा, आधी तलाव भरा? तिला भीती वाटत होती, नुसती परीक्षेची नाही, तर आपण आतून रिकामे आहोत हे सगळ्यांदेखत उघडं पडेल याची. आणि या घरात ती भीती नवी नव्हती. आत्याची गोष्ट तिथे लहानपणापासून कानीकपाळी होती. आत्या, बाबांची धाकटी बहीण, पोहण्यात ढाली मिळवणारी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी नापास झाली आणि परत गेलीच नाही. बाबांच्या लेखी हिशेब साफ होता: पोहली आणि बुडाली.

म्हणून ती आत्याकडे गेली. आत्या आता एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होती, खांदे अजून रुंद, आणि डब्यातलं खाताना समोर कोण बसलंय याची पर्वा न करणारी. हिने सगळं सांगितलं, मान वळवण्यासकट, आणि आत्या खो खो हसली. हसून झाल्यावर तिने विचारलं की दादाने तुला माझं उदाहरण दिलं असेलच. "हे बघ," आत्या म्हणाली, "मी नापास झाले ते अभ्यास केला नाही म्हणून. पाण्यावर कशाला ढकलायचं? पाण्याने मला पोहायला शिकवलं, एवढंच त्याचं काम." आणि मग हात पुसता पुसता तिला आठवलं, की हिला पहिल्यांदा खोल बाजूला नेलं तेव्हा ही मध्येच घाबरून थांबली होती आणि गटांगळ्या खायला लागली होती. तेव्हापासून आपणच हिला बजावलं होतं की मध्ये थांबायचं नाही, काही झालं तरी भिंत गाठायची. आत्या म्हणाली, तेवढं मात्र तू फारच मनावर घेतलंस बाई.

ते तिलाही आठवलं, म्हणजे विसरली कधीच नव्हती. पायाखाली काही नाही हे पायाला कळतं तो क्षण. वर उजेड, हातांना आवळून धरायला काहीच नाही, नाकातून डोक्यात गेलेली ती झिणझिणी, आणि मग काखेत घुसलेला आत्याचा हात. त्यानंतर मध्य म्हणजे तिच्यासाठी ओलांडायची जागा झाली. शाळेत धडा मध्ये सोडून ती कधी उठली नाही. भांडणही तिने मध्ये सोडलं नाही, एकदा मैत्रिणीशी बोलणं बंद केलं तर ते थेट वर्ष संपेपर्यंत. सगळे तिच्या चिकाटीचं कौतुक करायचे, चिवट आहे पोरगी, धरलं की तडीस नेते. तडीस न्यायची कारण अध्येमध्ये तिला पाय टेकायला जागाच ठाऊक नव्हती. छापखान्यातून घरी येताना हे तिला इतकं लख्ख समजलं की ती घरी गेलीच नाही, तलावावर गेली.

काका खुर्चीत बसून कसलीशी जुनी मासिकं चाळत होते. आत जाऊ का विचारल्यावर त्यांनी तिच्याकडे आणि कोरड्या तलावाकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, जा, बुडायची भीती तरी नाही. शिडीवरून ती उतरली, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. उथळ बाजूने चालायला लागली. आतून तलाव वेगळाच निघाला. इतकी वर्षं तिने ज्याला निळा म्हटलं होतं तो पांढुरका होता, फरश्यांच्या सांध्यांत काळपट शेवाळ, एक तुटका गॉगल, केसांची रबरं, कुणाची तरी बांगडी. आपण या सगळ्यावरून रोज गेलो. काळ्या रेघेवर पाय ठेवत ती पुढे गेली, बुटांचा आवाज दोन्ही भिंतींवरून परत येत होता, आणि काठ हळूहळू तिच्या खांद्याला लागला, मग डोक्याच्या वर गेला. जिथे पाण्यात तिचे पाय कधीच टेकले नसते अशा जागी ती पोचली, आणि तिथे तिचा डावा पाय एकदम खाली गेला. पडली नाही. पाहिलं, तर तळ तिथे मोडला होता. म्हणजे तुटला नव्हता, बांधतानाच तसा बांधलेला. इथवर अगदी हळू उतरत आलेला तळ त्या रेषेपासून एकदम जास्त उताराने खाली जात होता. पाण्यातून, चष्म्याशिवाय, तिला ती काळी रेघ आजवर सरळच दिसली होती.

ती त्या रेषेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे करून उभी राहिली. उजव्या पावलाखाली हलका उतार, डाव्याखाली तीव्र. पण जागा एकच. दोन्ही तळ इथे एकमेकांना नेमके भेटत होते, मध्ये पायरी नव्हती, फट नव्हती. ती बराच वेळ काही न करता नुसती उभी होती, आणि मग तिला जाणवलं की आपण जोडावर उभ्या आहोत. सळईचा जोड, जिथे तिचं घोडं अडत होतं. दोन धातू, जागा एक, उंची एक, उतार वेगवेगळे. हे तिने कागदावर कितीदा तरी लिहिलं होतं आणि त्यावरून घाईघाईने पोहत गेली होती, भिंत गाठायला. ती मोठ्याने बोलायला लागली. इथून मागे पाहिलं तर पहिला धातू, इथून पुढे पाहिलं तर दुसरा. कुठल्याही बाजूला जाता येत होतं. मान वळवायची गरज नव्हती, हवा सगळीकडेच होती. काकांनी काठावरून डोकावून विचारलं की कोणाशी बोलतेस, आणि तिने वर बघून सांगितलं, कुणाशी नाही काका, अभ्यास करतेय. काका म्हणाले, मग ठीक आहे.

त्यानंतर ती रोज गेली. कधी रेषेवर, कधी अगदी खोलात, कधी कुठेही, हव्या त्या फरशीवर थांबायची आणि तिथूनच सुरू करायची. चालायचीही भरपूर, चढ-उतार करत, घामेघूम होईपर्यंत, कारण अंगाला हलल्याशिवाय चैन पडत नाही ही खोड काही जायची नव्हती आणि तिला ती घालवायचीही नव्हती. पाणी हुशार की मी हा प्रश्न तिने उत्तर न देताच सोडून दिला. आयुष्यात मध्येच सोडलेली ती पहिली गोष्ट. कारागीर फरश्या बसवत होते, ते तिला बघून आधी गप्प व्हायचे, मग सवय झाली, मग त्यांच्यातला एकजण म्हणाला की ताई, ती सळई थंड झाली का नाही अजून. तीही हसून म्हणाली, होत आलीय.

परीक्षेच्या सकाळी बाबा दुकानातून रजा घेऊन बरोबर आले. कशाला म्हटलं तर म्हणाले, सहज. बाकड्यावर बसून त्यांनी छत्री गुडघ्यांमध्ये धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिने आत्याचं दुसरं वर्ष स्पष्ट पाहिलं. आत मॅडम होत्या, आणि बाहेरचे परीक्षक, सर्दी झालेले एक सडपातळ गृहस्थ, जे तिचा नमस्कार होईतो दोनदा शिंकले. केस ओले असतील, तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराने तिला बरं वाटलं. तिने सुरुवात केली, "समजा, सळईचं डावं टोक," आणि त्यांनी रुमालाआडून हात वर केला.

"ते राहू द्या. मला जोडावर उभं करा आणि तिथून काय दिसतं ते सांगा."

खोलीतली हवा एकदम पातळ झाली. नाकातून ती जुनी झिणझिणी वर आली, हातांना आवळून धरायला काही नाही, आणि तिची मान उजवीकडे वळायला लागलीसुद्धा. मॅडमनी खाली पाहिलं. मनाने भिंतीकडे धाव घेतली, डाव्या टोकाकडे, तिथून येते, लगेच येते, फक्त तिथवर जाऊ द्या. आणि ती गेली नाही. तिने खुर्चीखाली पाय सपाट टेकवले, एक थोडा पुढे, एक थोडा मागे. बुटाच्या तळव्याला तिला ती रेषा लागली.

"जोडावर तापमान एकच असतं," ती म्हणाली, "दोन्हीकडून बघितलं तरी. जेवढी उष्णता एका बाजूने येते तेवढीच दुसऱ्या बाजूला जाते, साठून राहायला तिथे जागाच नाही. बदलतो तो फक्त उतार." आणि मग त्यांनी विचारलं तसतशी ती इकडे गेली, तिकडे गेली, परत आली. एकदा तर त्यांनी प्रश्न पुरा करायच्या आत तिने त्यांना थांबवलं आणि म्हटलं, सर, एक मिनिट, मला विचार करू द्या. आणि खरंच गप्प राहिली, सगळ्यांच्या समोर, मध्येच. काही बिघडलं नाही. मग उत्तर दिलं.

जरा वेळाने मॅडम बाहेर आल्या आणि तिला नाही, आधी बाबांना म्हणाल्या की जागा तुमच्याच मुलीला, सरांनी फार चौकशी केली तिची. बाबा उठून उभे राहिले, छत्री पडली, ती उचलायला दोघेही वाकले. रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, काय विचारलं गं. ती म्हणाली, मधूनच विचारलं. मग, बाबांच्या कपाळावर आठी, तू काय केलंस. "मध्येच उभी राहिले," ती म्हणाली. बाबांना त्यातलं काही कळलं नाही, पण तिच्या आवाजावरून ते निश्चिंत झाले, आणि खूप पुढे गेल्यावर म्हणाले की छापखान्यात कळवायला हवं, तुझी आत्या वाट बघत असेल. आत्याचं नाव त्यांनी अभ्यासाच्या गोष्टीत बोल न लावता पहिल्यांदाच काढलं.

वाटेत तलाव होता. गेट उघडं होतं आणि आतून पाइपातून पाणी पडल्याचा धो धो आवाज येत होता. बाबा इतक्या वर्षांत एकदाही आत आले नव्हते. आता ते काठापाशी जाऊन, छत्रीवर जोर देऊन, जपून वाकले. नव्या फरश्यांवरून पाणी ओघळत होतं, आणि खोल बाजूला ते गोळा व्हायला लागलं होतं. ते वाढत वाढत त्या मोडलेल्या रेषेकडे चाललं होतं, ती बघत राहिली. उद्यापर्यंत ती रेषा बुडणार, आणि पुन्हा सगळं सरळ दिसणार.

"भरल्यावर मध्ये पाय टेकतात का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही टेकत. पण तळ आहे, बाबा. मी बघून आलेय."

बाबांनी तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली आणि गेटाकडे वळता वळता म्हणाले, "उद्यापासून येशीलच. केस पुसून घरी ये म्हणजे झालं."